लोन विलोची भूलवाली

भूल देणारा माणूस नसला की गावात मूल जन्मत नाही, हे आमच्या लोकांना पटायला एक अख्खा हिवाळा लागला.

मी लोन विलोच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स. डॉक्टरच्या हातात हत्यारं द्यायची आणि तोंड बंद ठेवायचं, असं माझं काम. त्यातलं पहिलं मला उत्तम जमतं. भूल द्यायचं काम वर्डन हॉल्म्बर्गचं. वर्डन डॉक्टर नव्हे, तोही नर्सच, पण भूल द्यायचं वेगळं शिक्षण घेतलेला. नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत भूलतज्ज्ञ डॉक्टर कोण येऊन राहतोय? आमच्यासारख्या हॉस्पिटलांची सगळी मदार वर्डनसारख्यांवर. बाळंतीण अडली तर पोट उघडावं लागतं, त्याला भूल लागते, आणि ती सोय नसेल तर हॉस्पिटल बाळंतपणाला हातच लावत नाही. थोडक्यात, वर्डन होता म्हणून आमची बाळंतपणाची खोली होती. हे इतकं साधं होतं की कुणाच्या कधी डोक्यातच आलं नाही.

मग वर्डनच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या. ओमाहाला नेऊन त्याची छाती उघडली, आणि तो हिवाळाभर घरी खुर्चीत पाय वर करून बसला. आमच्या बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लागलं. गरोदर बायकांना सांगितलं, नॉर्थ प्लॅटला जा. नॉर्थ प्लॅट म्हणजे उघडीप असताना दोन तासांचा रस्ता, आणि जानेवारीत देवाच्या मर्जीचा.

ब्रेना कुचेरा तेव्हा आमच्याकडे वॉर्डात होती. दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स करून लागलेली, नवरा ट्रॉय आणि सासू लवॉन यांच्याबरोबर गावाबाहेर गुरं पाळणारी, टेस नावाच्या मुलीची आई. बोलायला कमी आणि कामाला वाघ. एका सकाळी ती थेट माझ्या खोलीत आली आणि हत्यारांच्या टेबलाला टेकून उभी राहिली. आदल्या दिवशी एका बाळंतिणीबरोबर रुग्णवाहिकेतून नॉर्थ प्लॅटला निघाली होती, हे मला माहीत होतं.

"तिनं माझा हात असा धरला, की माझी अंगठी माझ्याच बोटात रुतली," ती म्हणाली. "आणि मी तिला काय दिलं सांगू, आर्डिस? पेपरमिंटची गोळी. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडं."

"बाळ?"

"बाळ मस्त आहे. वाटेतच झालं. गाडी बर्फात रुतून बसली होती, तिथंच."

"मग झालं तर."

"काय झालं? ते आडवं असतं म्हणजे?"

"नव्हतं ना?"

"पुढचं असेल," ब्रेना म्हणाली. ती चिडली होती. मी तिला त्याआधी चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

वसंतात वर्डन कामावर परतला, खोलीचं कुलूप निघालं, आणि गावानं सुटकेचा निःश्वास टाकून सगळा प्रकार विसरायला घेतला. ब्रेना विसरली नाही. तिनं कॉफीच्या खोलीत वर्डनला गाठून विचारलं, "तुमचं काम शिकायला काय काय लागतं?"

वर्डन हसला. छातीचे टाके अजून ओढायचे, म्हणून हसताना छातीशी उशी धरायला लागायची, ती धरून हसला. मग तिचं तोंड बघून थांबला. "पोरी, हे एका घोटात सांगायचं काम नव्हे. रविवारी तुझ्या घरी येतो. लवॉन मटण भाजणार असेल तर."

"आमच्याकडं मटण खात नाहीत. गाय असते."

"तीच म्हणतोय मी."

रविवारी मीही गेले. मला बोलावलं नव्हतं, पण वर्डनला गाडी चालवायला अजून मनाई होती, आणि मला ऐकायचंही होतं. लवॉनच्या स्वयंपाकघरात भिंतीवर गुरांच्या खाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर असतं. कोणत्या गाई कधी व्यायच्या, ते त्यावर पेन्सिलीनं मांडलेलं. जेवण झाल्यावर वर्डननं सांगायला सुरुवात केली: आधी हे शिकावं लागेल, मग ते, मग त्यानंतर...

"असं नाही," लवॉन म्हणाली. ती पेन्सिल घेऊन उभी राहिली होती. "वासरं मार्चमध्ये हवी असली तर वळू जूनमध्ये सोडावा लागतो. फेब्रुवारीत आठवण होऊन काय उपयोग? शेवटचं आधी सांग. मग त्याच्या आधीचं. तसं मागं मागं ये."

वर्डन विचारात पडला. आयुष्यात कुणी त्याला शिक्षण असं उलटं सांगायला लावलं नसावं. "शेवटी देशपातळीवरची परीक्षा. ती झाली की भूल द्यायची मुभा."

"त्याच्या आधी?"

"भूलशास्त्राची शाळा. तीन वर्षं. आमच्या वेळी एवढं नव्हतं, आता शेवटी डॉक्टरेट देतात. त्या तीन वर्षांत नोकरी जमत नाही. करू म्हणणारे बुडतात."

"त्याच्या आधी?"

"मुलाखत. एका जागेला दहा-दहा उमेदवार."

"आधी?"

"मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात काम. एक वर्ष तरी म्हणतात, पण दोन केलेली बरी."

इथं ब्रेना मध्ये बोलली. "आपल्याकडं आहे की अतिदक्षता विभाग."

"आपल्याकडं दोन खाटा आणि एक पडदा आहे," वर्डन म्हणाला. "आणि मागच्या आठवड्यात त्या पडद्यामागं म्हातारा हॅरल्ड कवळी सापडत नाही म्हणून बोंबलत होता. शाळेला ते चालत नाही, बाई. श्वासाच्या यंत्रावरचे पेशंट हवेत. एका वेळी चार-चार औषधं थेंबथेंब चढताहेत, एक जरी इकडचं तिकडं झालं तर माणूस गेला, असे पेशंट. ओमाहाला जावं लागेल."

"आणि त्याच्या आधी?" लवॉनची पेन्सिल थांबली नव्हती.

"नर्सिंगची पूर्ण पदवी. हिची दोन वर्षांची आहे, उरलेलं कॉम्प्युटरवरून घरबसल्या होतं. त्याच्या आधी संख्याशास्त्र. आणि सगळ्याच्या आधी रसायनशास्त्र."

"म्हणजे उद्यापासून रसायनशास्त्र," लवॉननं सांगून टाकलं.

सगळी मिळून सात वर्षं होत होती. आम्ही सगळेच वर्डनकडे बघायला लागलो. तो पासष्टीचा, छातीवर हातभर लांब टाक्यांचा माणूस.

"वर्डन, तू तोवर टिकायचंस," लवॉन म्हणाली.

"हे मला विचारतेयस?"

"सांगतेय."

वर्डननं भाजलेल्या मांसाचा आणखी एक तुकडा ताटात ओढला. डॉक्टरनं त्याला ते बंद केलं होतं. "टिकतो," तो म्हणाला. "ती येईस्तोवर हॉस्पिटल सोडत नाही. पण पोरी, रेंगाळू नकोस."

ब्रेनानं रसायनशास्त्र केलं ते गुरांच्या गोठ्यात. गाई व्यायच्या दिवसांत माणसं तसंही जागत बसलेली असतात, ती पुस्तक घेऊन बसायची. ट्रॉय तिला प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळायचं नाही, पण ती अडखळली की तो म्हणायचा, "परत सांग, पटलं नाही." तेवढ्यावर ती पास झाली, आणि चांगली पास झाली. पदवीही झाली. मग ओमाहा.

आठवड्याच्या तीन पाळ्या तिनं सलग लावून घेतल्या. वर्डनच्या बहिणीच्या तळघरात झोपायची आणि चौथ्या दिवशी पाच तास गाडी हाकून घरी यायची. आली की तिच्या तोंडून आम्हाला ऐकायला मिळायचं, पण तेही खोदून विचारलं तर. तिकडे तिला सगळ्यांत गंभीर पेशंट देत, हे मला तिच्याकडून नव्हे, वर्डनच्या बहिणीकडून कळलं.

आणि मग शाळेचं मुलाखतीचं बोलावणं आलं.

इथं आमच्या गावानं शेण खाल्लं. त्याचं असं आहे, की आमच्याकडे मुलाखत ही चीज वेगळी. गावातल्या शाळेला बसचालक हवा असला की एखाद्याला 'मुलाखतीला ये' म्हणतात. त्याचा अर्थ सोमवारपासून ये. मुलाखतीला बोलावून कुणाला नाही म्हणाले, असं या तालुक्यात कुणाच्या आजोबांनीही ऐकलेलं नाही. तेव्हा ब्रेनाला मुलाखतीला बोलावलंय कळल्याबरोबर खाद्याच्या दुकानाच्या पाटीवर 'गुरांच्या मिठाच्या विटा आल्या आहेत' याच्या खाली 'अभिनंदन ब्रेना' लागलं. शनिवारी लुथरन चर्चच्या तळघरात पंगत झाली. चिली, म्हणजे मांसाची झणझणीत उसळ, आणि दालचिनीचे रोल, आमच्याकडे आनंदाला तेच लागतं. पास्टरनं प्रार्थना म्हटली. ब्रेना उठून म्हणाली, "अहो, अजून काही झालेलं नाही." लोकांना तिचा हा विनय फार आवडला. सगळ्यांनी आणखी एकेक रोल घेतला. बाजारात तुरी, आणि आमचं फोडणीवरून भांडण.

शाळेनं तिला घेतलं नाही.

दुकानदारानं पाटीवरची अक्षरं उतरवली, ती नेमकी दुपारी, सगळ्यांच्या देखत. पेट्रोल पंपावर कॉफी पीत बसणारे म्हातारे म्हणाले, "ओमाहाला आपलं काय चालायचं?" आपलं म्हणत होते, पण सूर 'तिचं' असा होता. एकानं मलाही ऐकवलं, "काय आर्डिस, तुमचे रोल वाया गेले." मी त्याला म्हटलं, "तू सहा खाल्लेस. तुझ्यापुरते तरी वाया गेले नाहीत." पण मला वाईट वाटलं होतं. वर्डन सदुसष्ट पुरा करून पुढे गेला होता आणि दोन मजले जिना चढला की भिंतीला हात लावून उभा राहायचा. अजून एक वर्ष वाढलं होतं.

ब्रेना घरी येऊन रडली वगैरे नाही. तिनं शाळेतल्या मुलाखत घेणाऱ्या बाईंना फोन लावला आणि विचारलं, माझं काय कमी पडलं?

त्या रविवारी लवॉनच्या टेबलाशी बसून तिनं आम्हाला सांगितलं. "बाई म्हणाल्या, तुम्ही काही बोललाच नाहीत. आम्ही विचारलं, श्वासाच्या यंत्रावरचे किती पेशंट सांभाळलेत? तुम्ही म्हणालात, होते थोडेफार. आम्ही विचारलं, पेशंटचा रक्तदाब कोसळला तेव्हा तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. म्हटलं, पण तुम्ही? तर म्हणालात, मी तिथंच होते."

"आणि खरं काय होतं?" वर्डननं विचारलं.

ब्रेनानं टेबलावरची मिठाची बाटली सरळ करून ठेवली.

"खरं काय होतं, पोरी?"

"डॉक्टर दुसरीकडं अडकले होते. सगळं मीच केलं होतं."

"मग तसं सांगायचं की!"

"कसं सांगू? आपली गुरं मोजून दाखवल्यासारखं नाही का होत ते?"

तिचं हे आम्हाला लगेच पटलं. कारण आमच्याकडे 'तुझी गुरं किती' हे विचारत नाहीत, आणि न विचारता सांगणारा तर त्याहून गेलेला. शेजारी चाळीस वर्षं शेजारी असतात, एकमेकांच्या वासरांना मालकीचा डाग द्यायला जातात, पण आकडा कुणी बोलत नाही. विचारलंच कुणी परक्यानं तर 'आहेत थोडीफार' म्हणायचं. ब्रेनानं शाळेला नेमकं तेच उत्तर दिलं होतं. घरचं वळण तिनं ओमाहात पाळलं, आणि तिथल्या लोकांनी तिला बिनकामाची समजून परत पाठवलं.

लवॉन बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि आमच्यासमोर, म्हणजे मी आणि वर्डन असे दोन बाहेरचे लोक बसलेले असताना, तिनं आपल्या गुरांचा आकडा सांगितला. गाई किती, वळू किती, यंदाची वासरं किती, सगळं. ट्रॉयनं उठून खिडकी लावली. वर्डन टेबलाकडे बघत राहिला. माझे कान लाल झाले. तो आकडा मी इथं सांगणार नाही. मलाही माझ्या आईनं वळण लावलंय.

"झालं," लवॉन म्हणाली. "जमीन दुभंगली नाही. आता तू सांग."

"आई, अहो..."

"सांग."

ब्रेनानं सांगायला सुरुवात केली. आधी टेबलाशी बोलल्यासारखी. "मी यंत्रावरचे पेशंट... मी सांभाळले." किती, तेही सांगितलं. ऐकताना मला कळलं, की ही बाई गेली दोन वर्षं काय करत होती याची आम्हाला काडीइतकीही कल्पना नव्हती. मग दर रविवारी तोच खेळ. वर्डन मुलाखत घेणारा व्हायचा, आणि मी त्याच्या शेजारी बसून नाक मुरडायची. 'आम्ही' हा शब्द आला की मी चमचा टेबलावर आपटायची. "आम्ही कोण? तुझ्याबरोबर गाय होती का?" टेसला हे इतकं आवडलं, की ती घरात येता-जाता चमचा आपटायला लागली.

दुसऱ्या वर्षी ब्रेना मुलाखतीला गेली. त्याच बाई समोर होत्या. त्यांनी विचारलं, मागच्या वर्षीपेक्षा यंदा काय वेगळं आहे? ब्रेना म्हणाली, "काम तेच आहे. मागच्या वर्षीही मी ते केलं होतं. सांगितलं नव्हतं." आणि मग तिनं एकेक करून सांगितलं. काय झालं, तिनं काय पाहिलं, काय ठरवलं, कुठे चुकली, चूक कशी निस्तरली. मध्ये एकदा घसा कोरडा पडला तर पाणी मागून घेतलं आणि पुढे चालू केलं.

तिला घेतलं.

या वेळी गावात अळीमिळी गुपचिळी. लवॉननं फक्त पास्टरला सांगितलं, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं, पण पाटीवर मिठाच्या विटांशिवाय काही नाही. कुणी अभिनंदनही करेना. जो तो कुचेरांच्या अंगणात गवताचे भारे टाकून, नाहीतर कुंपणाचा तुटलेला खांब बदलून निघून जायचा. ट्रॉयला दोन माणसांचं काम पडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

ती तीन वर्षं मी ब्रेनाकडे बघत नव्हते, वर्डनकडे बघत होते. ती तिकडे शरीराच्या नसा आणि औषधं घोकत होती, निरनिराळ्या हॉस्पिटलांत भूल द्यायला शिकत होती. इकडे वर्डनचा उजवा गुडघा गेला, मग डावा. त्याच्यासाठी ऑपरेशनच्या खोलीत चाकांचं स्टूल आणलं. त्याच्या बायकोला ॲरिझोनाला जायचं होतं, तिकडे तिच्या बहिणी होत्या, हिवाळा नव्हता. मी एकदा त्याला म्हटलं, "म्हाताऱ्या, जा की आता. वर्षभर खोली बंद राहील, मरत नाही कुणी."

"कोण मरेल ते आधी कळत नाही, आर्डिस," तो म्हणाला. "ते कळत असतं तर मी कधीच गेलो असतो." आणि स्टूल ढकलत पुढच्या पेशंटकडे गेला.

ब्रेना शेवटची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झाली. ओमाहाच्या हॉस्पिटलानं तिला थांब म्हटलं, इथल्यापेक्षा किती तरी चांगली नोकरी होती. तिनं नाही म्हणायला वेळ लावला नाही. शरदात ती लोन विलोला भूल देणारी म्हणून रुजू झाली. वर्डन म्हणाला, एक अडलेलं बाळंतपण बघतो आणि जातो. पण नेमकी सगळी मुलं सुखरूप आणि सरळ जन्माला येत होती. त्याला जाता येईना.

जानेवारीत, वाऱ्यानं बर्फ उडून रस्ते बंद झालेल्या एका दुपारी, शाळेत बँड शिकवणारी करिसा अडली. बाळाचे ठोके मंदावत चालले होते. डॉक्टर फायफर म्हणाले, पोट उघडायचं. नॉर्थ प्लॅटचा विचारसुद्धा शक्य नव्हता, रस्ता डोळ्यांना दिसत नव्हता. मी हत्यारं मांडली. वर्डन तोंडाला मास्क लावून दाराशी स्टुलावर बसला, हात मांडीवर.

ब्रेनानं करिसाला बसतं केलं, पाठ वाकवायला लावली, वॉर्डातल्या नर्सच्या खांद्यावर कपाळ टेकू दिलं आणि मणक्यात सुई घातली. हात अजिबात हलला नाही. करिसाला आडवं केलं. लगेच तिचा चेहरा पांढरा पडला, म्हणाली, गरगरतंय. मी यंत्राकडे बघितलं तर रक्तदाब खाली येत होता, आणि मी बघेपर्यंत ब्रेनाचं औषध नळीतून गेलंही होतं.

डॉक्टरांनी सवयीनं वर्डनकडे बघितलं. "सुरू करू?"

वर्डननं छताकडे बघितलं.

"थांबा," ब्रेना म्हणाली. तिनं गार कापूस करिसाच्या पोटावर फिरवून ते बधिर झालंय का बघितलं. यंत्राकडे बघितलं. "आता करा."

मी चाकू दिला. बाळाच्या मानेभोवती नाळ होती. डॉक्टरांनी ती सोडवली, बाळ वर काढलं. निळं होतं ते. मग रडलं, आणि ते जे रडायला लागलं, तसं थांबेचना. मुलगी होती.

मागं स्टुलाची चाकं वाजली. वर्डन उठला होता. पेशंट टेबलावर असताना खोली सोडून जाताना त्याला मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. करिसाचं अजून सगळं शिवायचं होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि दार उघडलं.

करिसाला ते दिसलं. ती घाबरली. "वर्डन चालले? मग माझ्याकडं कोण बघतंय?"

"मी बघतेय," ब्रेना म्हणाली. "तू बाळाकडं बघ."

दार लागलं. माझे डोळे भरून आले, आणि हातमोजे घातलेले होते म्हणून पुसताही येईनात. डॉक्टरांनी हात पुढे केला, तशीच मी टाक्यांचा दोरा त्यांच्या हातात दिला.